धरणाचा हिशेब मागा

(गोदाकांठच्या एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



पाऊस हुकला कीं आपण आभाळाकडे पाहतों, भटजी पोथी काढतो, आणि दैवाला बोल लावून आपण घरीं जातों. परंतु गोदावरी आतां आभाळाच्या एकट्याच्या हातीं राहिलेली नाहीं. तिच्या खोऱ्यांत वर नाशिक-नगरकडे गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा हीं धरणें आहेत. खालीं पैठणास सन १९७६ सालचें जायकवाडी. तेव्हां अवर्षणांत कोणाचें पीक वाळावें हें कचेरींत ठरतें.

सन २००५ चा जलसंपत्ति नियमनाचा कायदा सांगतो कीं, तुटीच्या वर्षीं खोऱ्यांतील सर्वांनीं झळ सारखी सोसावी. ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील पाण्याचा टक्का जवळजवळ सारखा असावा, आणि खरिपांत वापरलेलें पाणीहि त्यांत धरावें. हें शेवटचें कलम नीट ध्यानांत घ्या. पावसाळ्यांतच कालवे वाहवून मग "आमचेंहि धरण रितें" असें कोणास म्हणतां येत नाहीं. सावकाराच्या वहींत आपली उचल कशी चुकत नाहीं, तशीच ही उचल मांडली पाहिजे.

सन २०१४ सालीं प्राधिकरणानें ६५ टक्क्यांचा नियम केला. १५ ऑक्टोबरास जायकवाडीचा हिशेब त्याखालीं आला तर वरून पाणी सोडावयाचें. सन २०१६ सालीं हायकोर्टानें तो उचलून धरला. तरी २०२३ सालीं पाणी सुटेपर्यंत नोव्हेंबर सरत आला. कोरड्या वाळूंतून आलेलें पाणी वाटेंतच किती मुरतें, हें नदीकांठच्यांस सांगावयास नको.

वरचा शेतकरी आमचा वैरी नव्हे. त्याच्याहि चारीच्या शेवटास पाणी पोंचत नाहीं. आणि ऊस काय वरच आहे? आमच्या बाजूसहि आहे. थोड्या जमिनींत तो फार पाणी पितो. हें बोललें कीं आमचेच पुढारी रागावतात. रागावोत!

शिवाय पाणी मागावयाचें तें एकरावर. कुंभार, परीट, चांभार यांस एकर कोठला? त्यांचा अर्ज कोणत्या खिडकींत घ्यावयाचा? पाटबंधारे खात्याच्या कारभारावर जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालींच ओढला होता.

येत्या १५ ऑक्टोबरास चावडीवर फळा टांगूं. प्रत्येक धरणाचा साठा व खरिपाची उचल त्यावर लिहूं. टक्के काढण्यास आमचीं सहावींतील मुलें पुरेशीं आहेत. आंकडे आणावयास कचेरींत मात्र मोठीं माणसें लागतील. कोण कोण येतां, नांवें आतांच सांगा.