गोधडीच्या टाक्यांचे मोल
(महिला बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)

गोधडी, काही गावांत तिला वाकळ म्हणतात, आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांची होत असे. असंख्य धुण्यांनी मऊ झालेले सुती कापड अंगाला टोचत नाही आणि धावदोऱ्याची सुई त्यातून सहज जाते. नव्या कापडात हा गुण विकत मिळत नाही. इरकली काठ किंवा गुळेदगुड्डचे खण वापरायचे, तर बेतण्यापूर्वी धुऊन घ्यावेत. माझ्या विक्रीच्या पहिल्याच गोधडीत लाल खणाचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरला. पैसे परत करावे लागले.

परंतु खरी अडचण किमतीची आहे. कापड-दोऱ्याचा हिशोब आपण चोख मांडतो. टाक्यांचे तास मात्र कोणी लिहीत नाही. आजीने नातवासाठी शिवले, त्याचा हिशोब नव्हता, हे योग्यच. पण शेजारची गरजू भगिनी आठवडाभर आपल्यासाठी शिवते, तेव्हा ‘घरचेच काम’ म्हणून तिच्या हातावर किरकोळ रक्कम ठेवणे हे शोषणच होय. मीही प्रारंभी तेच केले. आता वहीत प्रत्येकीचे रोजचे तास लिहितो आणि त्यावरून किंमत ठरवतो. ती ऐकून प्रदर्शनातली काही गिऱ्हाइके परत फिरतात, हेही सांगितले पाहिजे.