अळूवरची अळी, लिंबावरची अळी



पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा सोडून जित्याला येते, तेव्हा पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसतात. घरांच्या मागच्या परसात मात्र वेगळीच शेती चाललेली असते. न्हाणीच्या पाण्यावर अळू, मांडवावर शिराळी आणि पडवळ, चार वांगी, एखादं लिंबू, दाराशी कढीपत्ता. श्रावणाच्या सुमारास इथे अळी दिसू लागते आणि लगेच विचारणा होते, "काय मारू?" माझं म्हणणं एवढंच, की आधी ती कोणती अळी आहे ते बघा. परस लहान असतं, झाडं मोजकी असतात, त्यामुळे शेतकऱ्याला शेतात जमत नाही ते आपल्याला घरी जमतं.

अळूचंच घ्या. वडीसाठी पान खुडायला गेलात आणि पानाचा एखादा भाग पांढरट, जाळी पडल्यासारखा दिसला, तर ते पान उलटं करा. तंबाखूवरची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अळीची पतंग-मादी अंडी एकाच ठिकाणी, पुंजक्यानं घालते आणि वर तपकिरी लव पसरते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात आणि शेकडो पिल्लं त्याच पानावर गर्दी करून हिरवा भाग खरवडत राहतात. त्या दिवसांत ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं, की काम संपलं. आठवडाभर थांबलात तर तीच अळी सगळ्या परसात पसरते, दिवसा मातीत दडते आणि रात्री खाते. मग ती सापडत नाही.

वांग्याचा शेंडा अचानक मान टाकतो, तेव्हा अळी आत शिरलेली असते. वरून काहीही मारलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. सुकलेला शेंडा खालच्या हिरव्या भागासकट कापून जाळा. किडलेलं वांगंही झाडाखाली टाकू नका. पडवळाची, काकडीची पानं धाग्यानं गुंडाळलेली दिसली, तर उलगडा. आत अंगावर दोन पांढऱ्या रेघा असलेली हिरवी अळी असेल, ती वेचून काढा.

आता जे काम आपण करत नाही, ते कोण करतं तेही सांगतो. भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत मातीचं इवलंसं मडकं चिकटलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते कुंभारमाशीचं. ती आत अंडं घालते, मग अळीला डंख करून लुळी करते, मडक्यात भरते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळ्यांवर वाढतं. गणपतीच्या आधी घर झाडता-रंगवताना आपण नेमकी ही मडकी खरवडून टाकतो, आणि परसात अळ्या भरात असतात तेव्हाच! हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत हजारो गणेशमूर्ती घडवणाऱ्या आपल्या पेण तालुक्यानं तरी मातीच्या या कारागिरीला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं. गांधीलमाशीही अळ्या चावून पिल्लांना भरवते. तिचं पोळं वाटेत नसेल, तर राहू द्या. कधी एखाद्या अळीच्या पाठीवर तांदळाएवढे पांढरे कोष दिसतात. लोक त्यांना अळीची अंडी समजून चिरडतात. ते कोष तिच्याच अंगात वाढलेल्या एका बारीक माशीचे असतात. ती अळी आता जगणार नाही आणि कोषांतून निघालेल्या माश्या पुढच्या अळ्या शोधतील.

हे सगळं करूनही अळी हाताबाहेर गेली, तर फवारा. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून चिमूटभर साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात अर्काचा जोर जातो. अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं आणि कात टाकणं थांबतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी ती जिवंत दिसली म्हणून निराश होऊ नका. मात्र आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जोराची सर आली की अर्क धुऊन जातो, म्हणून उघडीप बघूनच फवारा. दुकानात बीटी नावाची जिवाणूंची पूड मिळते, ती अळीच्या पोटात गेल्यावरच काम करते. १९०१ साली जपानमध्ये रेशमाचे किडे मरू लागले, त्या शोधात हा जिवाणू सापडला. तंबाखूचा काढा मात्र घरी करू नका. वनस्पतीचा असला तरी तो विषच आहे, माणसालाही. अळी ओळखता आली नाही, तर डबीत घालून रोह्याजवळ किल्ला इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

राहिलं लिंबू. त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी असते. हात लावला की डोक्यामागून तांबूस शिंगं काढते, उग्र वास येतो, पण ती चावत नाही. ही फुलपाखराची अळी. महाराष्ट्रानं २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या ब्लू मॉर्मनच्या, म्हणजे राणी पाकोळीच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. बीटी किंवा निंबोळी अर्क त्यांनाही मारतो. म्हणून लिंबावर आणि कढीपत्त्यावर फवारा नेऊ नका. पुरुषभर झाडाला थोडी पानं गेल्यानं काही होत नाही, नवी पालवी फुटते. हातभर रोप असेल, तर अळ्या पानासकट उचलून जवळच्या मोठ्या लिंबावर ठेवा आणि रोपावर महिनाभर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा.