मोरिओरी : एका चुकीची दुरुस्ती



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे साहित्यिक आणि इतिहासाचे अभ्यासक बोलून गेले. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. बी.एच.एम.एस. होऊन गेली छत्तीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा मी एक डॉक्टर. तरीही मंडळाचे निमंत्रण स्वीकारले, याचे कारण मला एक चूक दुरुस्त करायची आहे. ती चूक मी चारचौघांत केली होती, म्हणून दुरुस्तीही चारचौघांतच व्हायला हवी.

टाळेबंदीच्या काळात दवाखाना अर्धवेळ चाले. रिकाम्या वेळात नातवाने मला टॅबलेटवर शोध घ्यायला शिकवले. त्याआधी जेरेड डायमंड यांच्या गाजलेल्या ग्रंथात मी न्यूझीलंडच्या पूर्वेकडच्या एका बेटावरील शांतताप्रिय लोकांबद्दल वाचले होते. मोरिओरी हे त्यांचे नाव. जन्माने जैन असल्यामुळे अहिंसा पाळणाऱ्या परक्या लोकांविषयी मला साहजिकच ओढ वाटली. दोन-चार पाने वाचली, टिपणे काढली आणि त्या वर्षी क्षमावाणीच्या कार्यक्रमात दहा मिनिटे बोललो. म्हणालो, ‘जगाच्या टोकाला एक अहिंसक जमात होती. तिने हत्यार उचलले नाही आणि ती नष्ट झाली. तिचा शेवटचा माणूस १९३३ साली गेला.’ सभागृह हळहळले. टाळ्याही पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातली एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “डॉक्टरकाका, ही माणसं आहेत की! बघा.” तिच्या पडद्यावर मोरिओरींच्या आजच्या संस्थेचे पान होते. सभागृहासमोर उभी असलेली म्हातारी माणसे होती, तरुण होते, पोरे होती. मी ज्यांना दहा मिनिटांत मारून टाकले होते, ती माणसे माझ्याकडे पाहत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर दोन वर्षे मी हा विषय नव्याने वाचला. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. मोरिओरी मोठ्या बेटाला रेकोहू म्हणतात. हवा थंड, वारा अखंड. त्यांचे पूर्वज पॉलिनेशियन होते आणि संशोधकांच्या मते साधारण इ.स. १५०० च्या सुमारास ते न्यूझीलंडहून इथे आले. रताळ्यासारखी उष्ण हवेतील पिके इथे येईनात. मोठ्या होड्यांना लागणारे उंच झाडांचे लाकूडही नव्हते. म्हणून त्यांनी झाडाचे दांडे आणि समुद्रशैवालाचे हवा भरलेले फुगे बांधून तराफे केले. पाणी त्यातून आरपार जाई, पण तराफा बुडत नसे. सील, मासे, पक्षी आणि कोपी नावाच्या झाडाची फळे यांवर त्यांचा निर्वाह चाले. त्याच कोपीच्या खोडांच्या सालीवर ते मानवाकृती कोरत. त्यांतल्या काही अजून दिसतात.

सुरुवातीच्या काळात टोळ्याटोळ्यांत रक्तपात झाला. तेव्हा नुनुकू-व्हेनुआ नावाच्या पुढाऱ्याने माणसाला मारण्यावर बंदी घातली. भांडण झालेच तर अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने लढावे आणि कातडी फुटून रक्त दिसताच थांबावे, असा नियम ठरला. आपण म्हणतो राग आवरावा. नुनुकूने राग नाकारला नाही, त्याला मोजमाप घालून दिले. मला हे फार व्यवहारी वाटते. हा नियम त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळला.

२९ नोव्हेंबर १७९१ रोजी ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याचे ‘चॅटम’ जहाज तिथे लागले. बेटांना नाव पडले ते या जहाजावरून. किनाऱ्यावर गैरसमजातून चकमक झाली आणि टोरोटोरो नावाचा एक मोरिओरी गोळी लागून मेला. जहाज गेल्यावर वडीलधाऱ्यांनी बसून विचार केला आणि काही दोष आपल्याकडेही असल्याचे ठरवले. पुढे कोणी पाहुणे आले तर त्यांचे स्वागत कसे करायचे, याची रीत त्यांनी घालून दिली. आपला माणूस मेलेला असताना स्वतःचा दोष शोधणारी सभा मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

त्यानंतर सील मारणारे आणि देवमासे पकडणारे लोक आले. त्यांच्याबरोबर परके आजार आले आणि लोकसंख्या घटू लागली. १८३५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘रॉडनी’ नावाचे जहाज दोन खेपांत न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या माओरी जमातींची सुमारे नऊशे माणसे घेऊन आले. त्यांच्याकडे बंदुका होत्या. प्रवासाने आजारी पडलेल्या या पाहुण्यांची शुश्रूषा मोरिओरींनीच केली. थोड्याच दिवसांत पाहुणे जमीन ताब्यात घेऊ लागले.

तेव्हा मोरिओरी ते अवापातिकी या जागी जमले. तरुण म्हणाले, आपण संख्येने जास्त आहोत, लढू या. नुनुकूचा नियम आपसांतल्या भांडणांसाठी होता, परक्यांसाठी नव्हे. टापाटा आणि टोरेआ हे दोन वृद्ध पुढारी म्हणाले की नियम सोयीसाठी नसतो, वेळ बदलली म्हणून तो बदलता येत नाही. शेवटी वृद्धांचे म्हणणे मान्य झाले. ते शांततेचा आणि वाटून घेण्याचा प्रस्ताव मांडणार होते. त्याआधीच हल्ला झाला. सुमारे तीनशे माणसे मारली गेली आणि उरलेले गुलाम झाले. त्यांना आपसांत लग्न करण्याची बंदी होती, आपली भाषा बोलण्याचीही बंदी होती. १८६२ साली फक्त १०१ मोरिओरी शिल्लक होते.

मरणाऱ्यांतले सगळे शस्त्राने मेले नाहीत. मोरिओरींनी स्वतः त्याचे एक कारण सांगितले आहे, ‘कोंगेंगे’, म्हणजे जगण्याची उमेद संपणे. डॉक्टर म्हणून हा शब्द मी विसरू शकत नाही. जन्ममृत्यूच्या कुठल्याही सरकारी नोंदवहीत तो रकाना नसतो.

आता माझी चूक. मी वाचलेल्या पहिल्या पानांनी गोष्ट इथेच संपवली होती. ‘शेवटचा मोरिओरी’ म्हणून टॉमी सॉलोमन यांचे नाव दिले होते. ते १९३३ च्या मार्चमध्ये वारले, हे खरे. त्यांचे आईवडील दोघेही मोरिओरी होते, हेही खरे. पण त्यांची पत्नी माओरी होती, त्यांना पाच मुले होती आणि त्यांचे वंशज आजही आहेत. ‘शुद्ध रक्ताचा शेवटचा’ या शब्दांतला ‘शुद्ध रक्ताचा’ एवढा भाग गळला की एक अख्खा समाज संपतो. मी तो भाग गाळला होता. मोजणाऱ्यांनी रक्त मोजले. त्यांच्या मुलांना आपण कोण आहोत, हे कोणी विचारले नाही.

दुसरी एक चूक मी थोडक्यात वाचवली. जुन्या लेखांत असे आहे की मोरिओरी हे न्यूझीलंडचे मूळचे, वेगळ्या वंशाचे दुबळे लोक होते आणि माओरींनी त्यांना हाकलून लावले. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच कथा तिथल्या शाळकरी मुलांच्या मासिकात छापली गेली आणि पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. ती खोटी आहे. मोरिओरी आणि माओरी यांचे पूर्वज एकच. पण ती कथा गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सोयीची होती. माओरींनी कुणाला तरी हाकलले असेल, तर आम्ही माओरींची जमीन घेतली यात नवल काय, असे म्हणता येत होते. मायकेल किंग या इतिहासकाराच्या १९८९ च्या ग्रंथाने या कथेला मोठा धक्का दिला.

इंटरनेटवर यातले सगळे काही आहे, खोटेही आणि खरेही, आणि तेही शेजारी शेजारी. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रे सर्वांना मोफत वाचता येतील अशी ठेवली आहेत. त्यांचा सरकारी विश्वकोश आणि चरित्रकोशही तसाच खुला आहे. वाइटांगी न्यायाधिकरणाचा रेकोहूवरचा २००१ चा अहवालही वाचता येतो. बेळगावच्या खोलीत बसून मी हे सगळे वाचले. माझ्या वडिलांच्या काळी हे अशक्य होते. पण वाचायचे कसे, हे मला माझ्या व्यवसायाने शिकवले.

हानेमान यांनी ‘ऑर्गनॉन’मध्ये वैद्याला सांगितले आहे की रुग्ण जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. रुग्ण म्हणाला ‘पोटात कालवाकालव होतेय’, तर तेच लिहायचे, आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही. सोबत आलेले नातेवाईक काय म्हणतात तेही लिहायचे, पण रुग्णाचे म्हणून नव्हे. मोरिओरींची केस घेताना मी फक्त नातेवाइकांचे, तेही परक्यांचे म्हणणे ऐकले होते आणि रुग्णाला न विचारताच निदान सांगून मोकळा झालो होतो. आता कुठलेही पान उघडले की मी तीन गोष्टी पाहतो. हे कोण सांगतो आहे? केव्हा सांगतो आहे? आणि ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे, त्यांचा स्वतःचा आवाज कुठे आहे?

तसा आवाज मला सापडला. हिरावानू तापू नावाचे एक मोरिओरी होते. १८३५ चा हल्ला त्यांनी लहानपणी पाहिला होता. १८६२ मध्ये मोरिओरी वडीलधाऱ्यांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांच्याकडे अर्ज केला. त्यासोबत १८३५ साली हयात असलेल्या आपल्या माणसांची यादी जोडली. तापू त्या कामात होते. शेकडो नावे, कोण मारला गेला, कोण नंतर गेला. पुढे अलेक्झांडर शँड यांनी मोरिओरींची भाषा आणि परंपरा लिहून छापली, तीही मुख्यतः तापूंनी सांगितलेली. मुखपृष्ठावर नाव शँडचे आहे, आत बोलतात तापू.

त्या अर्जाने काय मिळाले? गुलामगिरी १८६३ मध्ये अधिकृतपणे संपली. १८७० मध्ये जमीन न्यायालयाने बेटाची सुमारे ९७ टक्के जमीन न्गाती मुतुंगा यांना दिली. जिंकलेल्याची जमीन, असा न्याय झाला.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अनेकांतवाद तोंडानेच म्हटला असे होईल. न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा हे स्वतः तारानाकीच्या आपल्या मुलखातून बंदुकांच्या लढायांनी उखडले गेले होते. त्यांच्या चालीरीतीप्रमाणे जिंकलेली जमीन जिंकणाऱ्याची. त्यांचे वंशज आजही त्याच बेटावर, मोरिओरींच्या शेजारी राहतात. बेटाला ते व्हारेकाउरी म्हणतात. एका जमिनीला दोन नावे असणे म्हणजे काय, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

माझ्या नातवाने मला एक प्रश्न विचारला होता. “आजोबा, अहिंसा पाळून ते हरलेच ना?” तेव्हा मी विषय बदलला. आज उत्तराचा प्रयत्न करतो.

आपल्या शास्त्रात गृहस्थाला हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडावीच. पण घरादाराच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी हिंसा त्याला पूर्ण वर्ज्य नाही. ती मुनींना वर्ज्य, कारण त्यांचे महाव्रत असते. ते अवापातिकीचे तरुण एका अर्थी आपल्या शास्त्राचीच भाषा बोलत होते. वृद्धांनी मात्र बायकामुलांसह अख्ख्या समाजाला महाव्रत घ्यायला लावले. ते बरोबर होते का? मी ठामपणे हो म्हणू शकत नाही. त्या सभेत मी असतो तर कदाचित तरुणांच्या बाजूने हात वर केला असता. पण अहिंसेनेच ते मेले असे मी आता म्हणणार नाही. त्यांना बंदुकांनी मारले, गुलामीने मारले, आजारांनी मारले. मरणाऱ्याच्या व्रतावर खुनाचा आळ घालणे हे चुकीचे निदान आहे.

आणि हरले का? जानेवारी २००५ मध्ये रेकोहूवर कोपिंगा मराए हे त्यांचे सभागृह उघडले आणि नुनुकूचा शांततेचा करार तिथे पुन्हा उच्चारला गेला. २०२१ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने मोरिओरींच्या दाव्यांविषयीचा कायदा केला. त्यात सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली. २०१८ च्या जनगणनेत सुमारे हजार जणांनी आपण मोरिओरी असल्याचे नोंदवले. त्यांची भाषा शिकवणारे ॲपही निघाले आहे. मी त्यातले थोडे शब्द ऐकले. उच्चार जमत नाही, पण ऐकतो.

कोपिंगाच्या सभागृहात मधोमध एक खांब आहे. त्यावर १८३५ साली हयात असलेल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत. ती नावे त्या १८६२ च्या अर्जाला जोडलेल्या यादीतून आली. मागितले होते त्यातले फारच थोडे त्या अर्जाने तेव्हा मिळवून दिले. पण अर्ज लिहिणाऱ्यांनी ती नावे लिहून ठेवली होती, म्हणून जवळपास दीडशे वर्षांनी नातवंडा-पतवंडांना ती कोरता आली.

क्षमावाणीच्या त्या सभेत मी एक समाज संपला असे म्हणालो होतो. तो संपलेला नाही. त्या दिवशी ज्यांनी माझे ऐकले, त्यांतले बरेचजण आज इथे बसले आहेत. त्यांनी कृपया घरी जाऊन सांगावे की डॉक्टर चुकले होते. आणि ज्यांच्याविषयी चुकलो, त्यांना ते कळो न कळो, मी क्षमा मागतो. त्या मुलीचेही आभार. तिने मला खोटे ठरवले नाही, फक्त मोबाइल पुढे केला.