जुना संगणक भंगारात देण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे घरातला धडधाकट संगणकही एका तारखेनं म्हातारा ठरतो, आणि हे मला पटत नाही. पडदा, कळफलक, डिस्क सारं शाबूत असताना यंत्र भंगारात का द्यायचं? लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली चार जीबी मेमरीवर चालते, फुकट मिळते आणि अपडेटही देत राहते. फुकटचं म्हणजे कच्चं, असं कुणी म्हणेल. पण लिनक्सचाच गाभा आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात.

अडचणी आहेत, त्या झाकू नयेत. टॅली किंवा फोटोशॉप लिनक्सवर थेट चालत नाही. पोट त्यावर असेल तर बदलू नका. मराठी युनिकोड मजकूर मात्र जसाच्या तसा उघडतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइली तेवढ्या आधी रूपांतरित करून घ्या. भीती वाटत असेल, तर प्रणाली पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करा. डिस्कला धक्का न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर तपासता येतात. सगळं जमलं की मगच डिस्कवर बसवा, पण त्याआधी घरचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.