कव्हरमधलं कार्ड आणि फोनची ‘टुण’

हातातलं काम थोडं बाजूला ठेवा आणि फोन जवळ घ्या. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

गेल्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करणं चाललं होतं. गटाच्या सचिव ताई फोन उघडायच्या, की ‘टुण’ असा आवाज यायचा आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ दिसायची. बंद करून पुन्हा उघडला, की पुन्हा ‘टुण’. ताई अगदी गप्प गप्प होत्या. बैठक संपताना म्हणाल्या, “माझ्याऐवजी दुसरी सचिव नेमा. माझ्या फोनमध्ये कुणीतरी शिरलंय. गटाच्या पैशाला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?”

घरातल्या पोरांनी सांगितलं होतं, फोन हॅक झाला. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, फोन रात्रभर ठेवून जा आणि उघडायचा पॅटर्नही लिहून द्या. ताई द्यायला निघाल्याच होत्या. त्याच फोनमध्ये बँकेचं ॲप, त्यातच ओटीपी येणार. फोन आणि पॅटर्न दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे तिजोरी आणि किल्ली एकदमच देणं की!

आम्ही फोनचं मागचं कव्हर काढलं. आत निघालं एसटीचं तिकीट, घडी केलेली शंभराची नोट आणि बँकेचं एटीएम कार्ड. कार्ड बाजूला ठेवून फोन उघडला, आवाज नाही. कार्ड पुन्हा पाठीला लावलं, ‘टुण’! सगळ्या बाया हसायला लागल्या. ताईंचा जीव भांड्यात पडला. पासबुक भरून आणलं, तर एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नव्हता. सचिव ताईच राहिल्या.

मग तो आवाज कशाचा? तुमचं एटीएम कार्ड बघा. त्यावर एकापुढे एक चार वाकड्या रेघा आहेत का? असं कार्ड मशीनला नुसतं टेकवलं तरी पैसे देता येतात. पुष्कळ जण त्याला ‘वायफाय कार्ड’ म्हणतात, पण त्याचा वायफायशी काही संबंध नाही. या सोयीचं नाव एनएफसी. फोनमध्ये, बहुतेक वेळा पाठीच्या बाजूला, तारेचं बारीक वेटोळं असतं. तसंच वेटोळं कार्डातही असतं. कार्डात बॅटरी नसते. ते फोनजवळ आलं, की फोनच्या वेटोळ्यातून त्याला जागं होण्यापुरती वीज मिळते. हे सगळं दोन बोटांच्या अंतरात, साधारण 4 सेंटिमीटरच्या आत चालतं. फोनचं लॉक उघडलं, की तो जवळ असं काही आहे का ते शोधू लागतो. पाठीला कार्ड लागलेलंच असतं, म्हणून तो ‘टुण’ करतो आणि ओळख पटली नाही, की तसं पडद्यावर लिहितो. नुसत्या त्या आवाजानं पैसे जात नाहीत.

तेव्हा पहिलं काम, कार्ड कव्हरमधून काढून पाकिटात ठेवा. फोन चोरीला गेला तर दोन्ही एकदम जायला नकोत, हेही त्यातच आलं. ही सोय लागत नसेल तर बंदच करा. सेटिंग उघडा, वरच्या शोधाच्या जागी एनएफसी हे इंग्रजी अक्षरांत लिहा, समोर आलेलं बटण बंद करा. बॅटरीही थोडी वाचेल.

आता उलटी अडचण. कुणाला ही सोय हवी आहे, पण चालत नाही. आपल्या गटांच्या पापड-मसाल्याच्या स्टॉलवर हल्ली गिऱ्हाईक कार्ड किंवा फोन टेकवून पैसे देऊ का, असं विचारतं. काही बँकांच्या ॲपमध्ये तर विकणाऱ्याच्या फोनवरच गिऱ्हाइकाचं कार्ड टेकवून पैसे घेता येतात. ते चाललं नाही, तर एकेक गोष्ट अशी बघत जा.

आधी, फोनमध्ये ही सोय आहे का? सेटिंगमध्ये शोधून एनएफसीचं नावच आलं नाही, तर बहुधा त्या फोनमध्ये ते वेटोळंच नाही. कमी किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये नसतं. कुठलंही ॲप टाकून ते येत नाही, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आपला क्यूआर कोड आहेच. तो कॅमेऱ्यानं वाचला जातो, त्याला एनएफसी लागत नाही.

सोय आहे, तर बटण चालू आहे का? विमानाच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलं, तर पुष्कळ फोनमध्ये एनएफसीही बंद पडतं. लॉक उघडलंय का? मग कव्हर काढून बघा. जाड कव्हर, लोखंडी पट्टी, चुंबकाची कडी मध्ये आली, की काम अडतं. त्यानंतर जागा. कुणाच्या फोनचं वेटोळं कॅमेऱ्याजवळ असतं, कुणाचं मधोमध. कार्ड पाठीवर टेकवून एक-दोन सेकंद स्थिर धरा, नाही झालं तर थोडं वर-खाली सरकवा. घाईनं फिरवू नका. दोन कार्डं एकदम टेकवू नका, मशीन गोंधळतं. एवढं करूनही नाही झालं, तर फोन बंद करून पुन्हा चालू करा.

कार्डच मशीनवर चालत नसेल, तर दोष फोनचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर टेकवून पैसे द्यायची सोय बंद असते. आपण ती बँकेच्या ॲपमधून किंवा एटीएममधून चालू करायची असते, आणि नको असेल तर बंदही करता येते. हे माहीत असायलाच हवं, कारण 1 जानेवारी 2021पासून एका वेळी 5,000 रुपयांपर्यंतची रक्कम पिन न टाकता अशी देता येते. कार्ड हरवलं, तर आधी बँकेला फोन करून ते बंद करा, रडायला नंतर वेळ आहे. मशीनवरची रक्कम स्वतः वाचा, मगच टेकवा.

आणि एक गोष्ट गाठ बांधून ठेवा. “बँकेतून बोलतोय, हे ॲप घ्या, तुमचं कार्ड फोनच्या पाठीला लावा आणि पिन टाका,” असं कुणी फोनवर सांगितलं, तर तिथंच फोन ठेवा. त्या ॲपमधून कार्डाची माहिती लांब बसलेल्या चोराकडे जाऊ शकते. बँक असं कधी सांगत नाही. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका. लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले, की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपल्या फोनचं कव्हर उघडून बघा. जिला जमतं तिनं शेजारणीला दाखवा, पण तिचा पिन विचारू नका. फोन बिघडला असं वाटलं, तर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी कव्हर, बटण, जागा या तीन गोष्टी स्वतः तपासा. दुकानात न्यावाच लागला, तर समोर बसून दुरुस्त करून घ्या.

आमच्या ताईंनी आता कव्हरमध्ये फक्त शंभराची नोट ठेवलीय. ती काही ‘टुण’ करत नाही!