आगगाडीनें डोंगरावर



हवा स्वच्छ असली म्हणजे पनवेलीस आमच्या गच्चीवरून पूर्वेकडे प्रबळगड आणि त्यामागें माथेरानचा सपाट माथा दिसतो. गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, तो ह्याच गच्चीवर बसला होता. नोकरीनिमित्त तो जर्मनींत राहतो आणि हिवाळ्यांत बर्फावर स्की खेळण्यासाठीं स्वित्झर्लंडमधील झरमॅट गांवीं जातो. "मोटारीनें जात असशील?" असें मीं विचारलें.

"नाहीं, गुरुजी. झरमॅटच्या अलीकडे टेश म्हणून गांव आहे, मोटार तेथेंच सोडावी लागते. पुढें आगगाडी. मग म्हटलें, घरापासूनच आगगाडीनें कां जाऊं नये? स्की डब्यांत ठेवले कीं झालें."

मी हंसूं लागलों. समोरच्या डोंगराकडे बोट करून म्हटलें, "अरे, ही तर आपली दस्तुरी!"

भूगोल शिकवितांना आल्प्स मीं नकाशावर पुष्कळ दाखविला. पण हें साम्य कधीं सुचलें नव्हतें. व्हिस्प ते झरमॅट ही गाडी १८९१ सालीं सुरू झाली, तर आमची नेरळ-माथेरान १९०७ सालीं. सर आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्यानें ती पदरच्या पैशानें बांधिली. १९०४ पासून तीन वर्षें काम चाललें होतें. दोन फुटी रूळ, आणि अंतर सुमारें एकवीस किलोमीटर. झरमॅटची गाडी उभ्या चढावर दांत्यांच्या तिसऱ्या रुळाला धरून चढते. आमच्या गाडीला दांते नाहींत. वीस फूट चालावें तेव्हां एक फूट चढावें, ह्याहून अधिक चढ तिला सोसत नाहीं. म्हणून ती डोंगराला वळसे घालीत, जुम्मापट्टी व वॉटरपाइप ह्या स्थानकांवर दम घेत, अडीच-पावणेतीन तासांनीं वर पोहोंचते. घाई असेल त्यानें ह्या गाडींत बसूं नये, हें मी स्वानुभवानें सांगतों.

पण खरा मुद्दा पुढें आहे. झरमॅटची गाडी आरंभीं केवळ उन्हाळ्यांतच धांवे. थंडींत हिमलोट कोसळत, आणि गांव जगापासून तुटे. तेथील लोकांनीं काय केलें? हिमलोट वरून निसटून जावेत म्हणून त्यांनीं धोक्याच्या जागीं रुळांवर छपरें बांधिलीं, आणि १९३३ पासून गाडी बाराही महिने चालूं लागली. ज्या बर्फानें वाट अडविली होती, तेंच बर्फ पुढें त्या गांवाच्या उपजीविकेचें साधन झालें.

आमच्याकडे बर्फाच्या ठिकाणीं पाऊस आहे. पावसाळ्यांत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवावी लागते. अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा तेवढा चालतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत रुळांखालची मातीच वाहून गेली, आणि गाडी पुन्हां सुरू व्हावयास २००७ चा मार्च उजाडला. म्हणजे शंभरावी वर्षगांठ होतां होतां. २०१९ च्या पावसानें पुन्हां तेंच केलें, आणि संपूर्ण मार्ग खुला झाला तो ऑक्टोबर २०२२ मध्यें. ह्या दोन खंडांच्या काळांत लोक मोटारीनें दस्तुरीपर्यंत जाण्यास सरावले. गाडी सुरू झाली तरी संवय कांहीं गेली नाहीं. दस्तुरीच्या नाक्यावर सुटीच्या दिवशीं मोटारींची जी दाटी होते, ती पाहून मनांत येतें कीं उद्यां कोणी म्हणेल, आणखी तीन किलोमीटर रस्ता केला तर काय बिघडलें? माथेरानांत मोटार नाहीं, म्हणूनच तें माथेरान आहे. टेशला झरमॅटचें दार मानणाऱ्यांना हें समजावून सांगावें लागत नाहीं.

मुलाला मीं विचारलें, "आमच्या घाटांत अशीं छपरें कोणी बांधील काय?" तो स्थापत्यशास्त्र शिकलेला आहे. म्हणाला, "गुरुजी, येथें छपरांनीं भागणार नाहीं. येथें पाणी रुळांखालून जाऊं द्यावें लागेल. मोऱ्या आणि संरक्षक भिंती बांधाव्या लागतील." मग त्यानें कागद मागितला आणि आकृती काढूं लागला. चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हीं ठाण्याची गाडी धरिली, तेथून कर्जतची लोकल, आणि नेरळास उतरलों. ज्या डोंगराकडे बोट केलें होतें त्यालाच दुसऱ्या अंगानें प्रदक्षिणा घालून आम्हीं पोहोंचलों होतों. तिकिटाच्या रांगेंत आमच्या पुढें अवघीं सात माणसें होतीं.