तिसरें मूल कोणाच्या पदरीं?

(कामठी येथें बिडीकामगार व विणकर कुटुंबांपुढें एका शाळामास्तरानें केलेलें भाषण)



१९५२ पासून सरकार आम्हांस थोडीं मुलें असावींत असें शिकवीत आलें. आतां वारें फिरलें आहे. १ डिसेंबर २०२४ रोजीं शेजारच्या नागपुरांत सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले कीं, जननमान २.१ च्या खालीं गेलेला समाज नष्ट होतो. सबब दोहोंपेक्षां अधिक, म्हणजे तीन मुलें हवींत. मान घटलें हें खोटें नाहीं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांत तें १.७ निघालें. माझा हजेरीपटही तेंच सांगतो.

राष्ट्रास लेकरें हवींत हें मलाही मान्य. पण वाढवावयाचीं कोणी? मांडीवर सूप घेऊन बसलेली आमची बाई दिवस भरेपर्यंत बिड्या वळते, आणि बारशाआधींच पुन्हां तेंदूपान कापूं लागते. कारण हात थांबला कीं मजुरी थांबली. तिला तीन मुलांचा उपदेश करणें म्हणजे बी न देतां पिकाचा हिशेब मागणें होय.

कायदा पाहा. २०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली, ती पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्यास १२ च! ठेकेदाराच्या वहींत जिचें नांवच नाहीं, तिला तीही कोठून मिळणार? मातृवंदना योजनेंत पहिल्या मुलास ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. तिसऱ्याच्या नांवें कांहीं नाहीं. उलट १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरें मूल झालें, तर आईबापांस ग्रामपंचायतीस उभें राहतां येत नाहीं. आंध्रानें असाच निर्बंध २०२४ सालीं काढला. आमच्याकडे व्यासपीठावर तीन, आणि कायद्यांत तिसऱ्यास दंड!

१९२८ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें होतें कीं, आईस बाळंतपणांत विसावा देणें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा बराच भार सरकारनें उचलावा. १९३० सालीं आपल्या मध्यप्रांतांतही तसा कायदा झाला. याच कामठीच्या बाबू हरदासांनीं बिडीकामगारांची संघटना बांधली. तेव्हां मागणें कसें करावें हें आपणांस कोणी शिकवावयास नको. स्वीडन देश १९४८ पासून दर मुलामागें भत्ता देत आला आहे. मात्र दक्षिण कोरियानें पुष्कळ पैसा ओतूनही २०२३ सालीं तेथील मान ०.७२ वर आलें. नुसत्या पैशानें पाळणा हालत नाहीं. बाईस विसावा हवा, पाळणाघर हवें, आणि मुलें किती हें तिनेंच ठरविलें पाहिजे. सासूनें नव्हे, पुढाऱ्यानें नव्हे, मास्तरानेंही नव्हे.

ज्या भगिनींचें नांव वहींत नाहीं, त्यांनीं रविवारीं शाळेंत यावें. कागद माझा, अर्जही मीच लिहून देईन.